सीताफळाच्या भावकीतला काटेरी पाहुणा

सोलापूरकराला सीताफळ ओळखायला शिकवावं लागत नाही. नवरात्राच्या आगेमागे मार्केट यार्डात बार्शीकडचे क्रेट उतरू लागले, की अंगठ्याने हलकंसं दाबून ‘हे आज, हे उद्या आणि हे परवा’ अशी वाटणी इथली शाळकरी पोरंही करतात. फळाचे डोळे उघडले, त्यांच्यामधल्या फटी पांढऱ्या-पिवळ्या दिसू लागल्या, की तोडायला आलं, हे ज्ञान घरातूनच मिळतं.

पण त्याच हातगाडीवर कधी तरी एक वेगळंच फळ येऊन बसतं. दीड-दोन किलोचं, गडद हिरवं, अंगभर बोथट वाकडे काटे, एका अंगाला फुगलेलं आणि दुसऱ्या अंगाला दबलेलं. फणस म्हणावा तर काटे फार विरळ. सीताफळ म्हणावं तर आकार भलताच. ‘मामा, हे काय हो?’ असं विचारलं तर उत्तर येतं, ‘हनुमानफळ.’ शेजारचा गाडीवाला तेवढ्यात दुरुस्ती करतो, ‘लक्ष्मणफळ आहे ते.’ घरी तेलुगू बोलणारी एखादी गिऱ्हाईक बाई ‘लक्ष्मणफलम’ म्हणून दुसऱ्याची बाजू घेते, तर अक्कलकोटकडून आलेला कानडी माणूस त्यालाच काटेरी रामफळ म्हणतो. तीन भाषांच्या या शहरात एका फळाला चार नावं मिळतात आणि गिऱ्हाईक होतं तिथंच राहतं.

अनोळखी फळ ओळखायचं तर नावापासून सुरुवात करू नये, ती शेवटची पायरी. आधी फळाची भावकी शोधायची. एकदा कुळ सापडलं की त्यातला नेमका कोण, हे ठरवायला साल, गर, बी, पान आणि हंगाम एवढ्या खुणा पुरतात. गाडीवरचा हा काटेरी पाहुणा तर सीताफळाच्या अगदी जवळच्या नात्यातला आहे.

भावकी अमेरिकेची, नावं रामायणातली

सीताफळ, रामफळ आणि हे काटेरी फळ ही तिन्ही वनस्पतिशास्त्रात एकाच प्रजातिगटातली, ‘ॲनोना’ या घराण्यातली. सीताफळ म्हणजे ॲनोना स्क्वामोसा, रामफळ म्हणजे ॲनोना रेटिक्युलाटा आणि काटेरी फळ म्हणजे ॲनोना म्युरिकाटा. तिघांनाही ही नावं स्वीडनचा वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस याने १७५३ साली दिली. चौथा भाऊ चेरिमोया, म्हणजे ॲनोना चेरिमोला. तो दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताच्या थंड, उंच पट्ट्यात रमणारा असल्याने सोलापूरच्या उन्हाळ्यात त्याचा निभाव लागत नाही.

नावं राम-सीतेची असली तरी ही मंडळी मूळची उष्णकटिबंधीय अमेरिकेतली. पोर्तुगीज जहाजांबरोबर सोळाव्या शतकात ती भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरली, असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. सतराव्या शतकाच्या अखेरीस डच अधिकारी व्हान ऱ्हीड याने मलबारच्या वनस्पतींवर ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ काढला. त्यात सीताफळ आणि रामफळ या दोन्ही झाडांची चित्रं आहेत. म्हणजे तोवर ही झाडं इथं चांगलीच रुळली होती.

तरीही त्यांच्या गावाबद्दल एकोणिसाव्या शतकात मोठा वाद झाला. पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कनिंगहॅम यांना भारहूत आणि मथुरेच्या प्राचीन शिल्पांत सीताफळासारखं फळ कोरलेलं दिसलं. त्यावरून हे फळ कोलंबसाच्या कितीतरी आधी भारतात होतं, असं त्यांचं म्हणणं. पिकांच्या उगमाचा अभ्यास करणारे आल्फाँस द कांदोल यांनी ते मान्य केलं नाही. सीताफळाचे सगे अमेरिकेतच रानात वाढतात, या मुद्द्यावर त्यांनी अमेरिकेच्या बाजूने कौल दिला. दगडात कोरलेलं फळ नुसत्या बाह्य आकारावरून ओळखायला गेलं की काय होतं, त्याचा हा जुना नमुना. शिल्पात डोळे दिसतात. बी, पान आणि गर दिसत नाही.

डोळे काय सांगतात

ॲनोना घराण्याची मुख्य खूण फळ कापल्यावर कळते. आंबा किंवा बोर एकाच बीजकोशापासून बनतं. सीताफळाचं तसं नाही. त्याच्या फुलात मध्यभागी एका उंचवट्यावर अनेक सुटे बीजकोश दाटीने बसलेले असतात. त्यातल्या प्रत्येकाचं परागण वेगळं होतं, प्रत्येक जण आपापली पाकळी तयार करतो आणि शेवटी ते सगळे एकमेकांना चिकटून एक फळ होतं. बाहेरून दिसणारा एकेक डोळा म्हणजे आतला एकेक बीजकोश. म्हणून सीताफळ उघडलं की गराची एक पाकळी आणि तिच्या पोटात एक काळी बी, अशी जोडी सुटी होऊन हातात येते.

काटेरी फळाचा वेडावाकडा आकारही याच कारणाने. ज्या बाजूच्या बीजकोशांना पराग मिळाले ती बाजू भरते, ज्यांना मिळाले नाहीत ती बाजू दबलेली राहते. गिऱ्हाईक अशा फळाला ‘रोगट’ म्हणून बाजूला सारतं. रोग नसतो, परागण अर्धवट झालेलं असतं. नीट न भरलेलं, एका अंगाला बसकं सीताफळ बार्शीच्या बागेतही सापडतं. त्यामागचं कारणही तेच.

परागणाची ही अडचण या घराण्याच्या स्वभावातच आहे. ॲनोनाच्या एकाच फुलात स्त्रीभाग आणि पुंभाग दोन्ही असतात, पण ते एका वेळी जागे होत नाहीत. आधी फूल अर्धवट उघडतं, तेव्हा स्त्रीभाग ओलसर आणि पराग घ्यायला तयार असतो. काही तासांनी तो सुकतो, मग पाकळ्या पूर्ण फाकतात आणि पराग सुटू लागतात. तोपर्यंत त्याच फुलाला त्यांचा उपयोग उरलेला नसतो. निसर्गात हे काम बारीक भुंगेरे करतात. ते जाड पाकळ्यांच्या आत शिरतात आणि अंगाला लागलेले पराग दुसऱ्या फुलात नेतात. उन्हाळ्यात हवा कोरडी असली की स्त्रीभाग लवकर वाळतो, भुंगेरेही कमी असतात, आणि झाडाला फुलं भाराभर येऊन फळं मोजकीच धरतात.

यावर उपाय म्हणून जाणते बागायतदार हाताने परागण करतात. पूर्ण उघडलेल्या फुलांतले फिकट तपकिरी पराग छोट्या डबीत झाडून घ्यायचे, मग चित्रकलेच्या बारीक ब्रशाचं टोक त्या डबीत बुडवून अर्धवट उघडलेल्या फुलाच्या आत अलगद फिरवायचं. हवा दमट असते तोवर, सकाळच्या वेळात हे काम उरकावं लागतं. ब्रश सगळीकडून सारखा फिरला तर फळ गोल भरतं. एकाच बाजूला फिरला तर फळाची तीच बाजू फुगते.

एकेकाची ओळखपत्रं

आता भावकीतल्या एकेकाकडे वळू.

सीताफळाच्या सालीवर डोळे ठळक आणि सुटे सुटे असतात, वर पांढुरकी भुकटी असते. पिकल्यावर ते डोळ्यांच्या रेषेत भेगाळतं आणि हातात विस्कटतं. गर पांढरा, रवाळ, गोड. बिया काळ्या, गुळगुळीत आणि भरपूर. झाड बुटकं, पान मंद हिरवं, आणि थंडी संपता संपता झाड बहुतेक निष्पर्ण होतं. हंगाम पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून दिवाळीच्या पुढेपर्यंत.

रामफळाची साल जवळजवळ गुळगुळीत, तीवर जाळीसारख्या पुसट रेषा. रंग पिवळसरपासून तांबूस तपकिरीपर्यंत. डोळे फुगीर नसतात, त्यामुळे ते सीताफळासारखं उमलत नाही, चाकूने कापावं लागतं. गर मलईच्या रंगाचा, सालीजवळ जरा जास्तच रवाळ, चव गोड पण सीताफळापेक्षा सपक. पान लांबट आणि अरुंद. लक्षात ठेवायला सर्वांत सोपी खूण पंचांगात आहे: सीताफळ दसरा-दिवाळीचं, तर रामफळ महाशिवरात्रीपासून रामनवमीच्या आसपासचं. चैत्रात गाडीवर ‘सीताफळाच्या जातीचं काही तरी’ दिसलं, तर ते बहुधा रामफळच.

काटेरी लक्ष्मणफळ या दोघांपेक्षा आकाराने फार मोठं. एक ते चार किलो वजन नेहमीचंच. साल गडद हिरवी, पिकताना पिवळसर हिरवी. तिच्यावर मऊ काटे, टोकं वाकलेली. हाताला टोचत नाहीत. कापलं की पांढराशुभ्र गर दिसतो, पण तो रवाळ नसून तंतुमय आणि रसाळ असतो. वास अननसाच्या जवळ जाणारा, चव गोड-आंबट. ही आंबट चव म्हणजे निर्णायक पुरावा, कारण सीताफळ आणि रामफळ दोघांतही आंबटपणा जवळजवळ नसतो. पान जाड, वरून तेलकट चकाकणारं. चुरगाळलं की उग्र वास येतो. फूल मोठं, पिवळसर, शंकूच्या आकाराचं. सीताफळाचं मात्र हिरवट, लांबोडक्या तीन पाकळ्यांचं आणि खाली लोंबणारं. लक्ष्मणफळाला फळं थेट खोडावर आणि जाड फांद्यांवरही लागतात, सीताफळाच्या बागेत सहसा न दिसणारं दृश्य.

आता राहिलं ते ‘हनुमानफळ’. सगळा गोंधळ इथेच आहे. कुणी काटेरी फळालाच हनुमानफळ म्हणतं. पुष्कळ रोपवाटिका मात्र याच नावाने एक बिनकाट्याचं, फिकट हिरवं, हृदयाच्या आकाराचं फळ विकतात. ते बहुधा ॲटेमोया असतं, म्हणजे चेरिमोया आणि सीताफळ यांचा संकर. हा संकर पी. जे. वेस्टर या तज्ज्ञाने १९०८ साली अमेरिकेत फ्लोरिडात केला. त्याचे डोळे सीताफळासारखे उंच असतात, पण एकमेकांना घट्ट जुळलेले. त्यामुळे ते विस्कटत नाही. बिया कमी, गर घट्ट आणि मलईदार. ‘आफ्रिकन प्राइड’ हे त्याचं गाजलेलं वाण. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने याच रक्तातून ‘अर्का सहन’ हे कमी बियांचं, फार गोड वाण तयार केलं.

तेव्हा कुणी ‘हनुमानफळ’ म्हटलं तर एवढंच विचारावं: काटे आहेत का, आणि चव आंबट आहे का? दोन्हीला होकार आला तर ते लक्ष्मणफळ, दोन्हीला नकार आला तर ॲटेमोया.

बार्शीची माती, गोरमाळ्याची बाग

ओळखीचा हा उद्योग सोलापूर जिल्ह्यात करायला एक सोय आहे. सीताफळाच्या अनेक जाती एकाच मुलखात पाहायला मिळतील, असा बार्शी तालुका इथलाच. हा पर्जन्यछायेचा पट्टा, जमीन हलकी, मुरमाड, उन्हाळा चाळिशीपार. सीताफळ अशा जमिनीत तग धरतं, कारण पाण्याची ओढ बसली की ते पानं गाळून स्वस्थ राहतं आणि पाऊस आल्यावर पुन्हा फुटतं. त्याच्या पानांना शेळी तोंड लावत नाही, म्हणून बांधावर, माळावर, कुंपणाशिवायही ते वाढतं.

बार्शी तालुक्यातल्या गोरमाळे गावचे नवनाथ मल्हारी कसपटे यांनी सीताफळाच्या वाणांचा संग्रह करत ‘एनएमके-१ गोल्डन’ हे वाण निवडलं. कसपटे यांच्या नावाची आद्याक्षरंच वाणाला मिळाली. सोनेरी छटेची साल, मोठं फळ, बिया कमी आणि तोडल्यावर जास्त दिवस टिकण्याची क्षमता, हे त्याचे गुण. पीकवाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याखाली या वाणाची नोंदणी झाली आहे. टिकण्याच्या गुणाला इतकी किंमत का, ते सीताफळाचा व्यापार पाहिला की कळतं. साधं गावठी सीताफळ झाडावरून उतरवल्यावर दोन-चार दिवसांत डोळे उघडून बसतं, आणि लांबच्या बाजारात पोचेपर्यंत त्याचा लगदा होतो. एनएमके-१ ची साल घट्ट राहते, म्हणून ते मुंबई-दिल्लीचा प्रवास सोसतं.

तेलंगणातून आलेलं ‘बाळानगर’, राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने दिलेलं ‘फुले पुरंदर’, मराठवाड्यातल्या अंबाजोगाईच्या संशोधन केंद्राचं ‘धारूर-६’ ही बाकीची ओळखीची नावं. ही सगळी वाणं एकाच प्रजातीची, म्हणून त्यांना वेगळं फळ समजू नये. सोनेरी एनएमके-१ पहिल्यांदा पाहणारा माणूस ‘हे काही सीताफळ नव्हे’ म्हणतो. पण त्याच्या बिया, त्याचं पान आणि त्याचा हंगाम सीताफळाचाच असतो. रंग बदलला म्हणून कुळ बदलत नाही.

लक्ष्मणफळाचं मात्र सोलापूरच्या हवेशी फारसं पटत नाही. त्याला दमट, उबदार हवा लागते. कडक थंडी आणि कोरडा वारा दोन्ही नकोत. कोकण, गोवा, कर्नाटकाची किनारपट्टी आणि केरळ ही त्याची खरी घरं. कोकणाकडे ‘मामफळ’ असंही नाव त्याला मिळालं आहे. सोलापुरात ते आलं तर बहुधा तिकडूनच, इतर फळांच्या मालाबरोबर थोडंथोडकं येतं. हौशी लोक सावलीत, आळ्यात ओल टिकवून परसात एखादं झाड जगवतात. बागायत म्हणून मात्र इथं त्याचा भरवसा धरू नये.

शोधायचं कसं

फळ ओळखलं, आता ते मिळवायचं. पहिला मार्ग अर्थातच बाजाराचा. मार्केट यार्डातल्या फळ विभागात बाहेरगावचा माल घेणाऱ्या आडत्याला आधी सांगून ठेवलं, तर किनारपट्टीकडून येणाऱ्या गाडीत दोन-चार फळं येऊ शकतात. सांगताना नाव नको, फोटो दाखवावा. ‘हनुमानफळ पाठवा’ म्हटलं तर ॲटेमोयाची पेटी उतरायची.

लक्ष्मणफळ घेताना ते कडक असलेलं बरं, फक्त काटे एकमेकांपासून दूर गेलेले आणि रंग थोडा फिका पडलेला हवा. अगदी गडद हिरवं, काटे दाटलेलं फळ कच्चं; ते पिकण्याऐवजी वाळत जातं. घरी आणल्यावर ते साध्या खोलीत, वारा लागेल असं ठेवावं. तीन-चार दिवसांत देठाजवळ अंगठा रुतला की कापावं. कच्चं असताना फ्रिजमध्ये ठेवलं तर साल काळवंडते आणि फळ नीट पिकत नाही. हा नियम सीताफळालाही लागू आहे. पिकलं की मात्र थांबायचं नाही. गर काढून, बिया वेचून तो फ्रिजमध्ये ठेवता येतो. दुधात किंवा पाण्यात साखरेबरोबर घुसळून पिणं ही दक्षिण अमेरिका, इंडोनेशिया आणि व्हिएतनाममधली आवडती पद्धत. आंबटपणामुळे आइस्क्रीम आणि सरबतात ते सीताफळापेक्षा उठून दिसतं.

रोप घ्यायचं असेल तर जास्त सावध राहावं लागतं, कारण चूक कळायला तीन-चार वर्षं जातात. रोपवाटिकेत मातृवृक्ष पाहायला मागावा, तो हंगामात फळासकट पाहावा. ॲटेमोयाचं रोप कलम केलेलं असतं, खुंट बहुधा सीताफळाचा किंवा रामफळाचा. कलमाच्या जोडाखालून फुटवा आला आणि तोच वाढू दिला तर झाडाला साधं सीताफळ किंवा रामफळ लागतं, आणि मालकाला वाटतं की फसवणूक झाली. लक्ष्मणफळ बियांपासूनही येतं. पान चुरगाळून वास घेणं ही रोपावरच करता येणारी चाचणी आहे.

खात्री करायची असेल तर जाणकारांची दारं सोलापुरातच आहेत. मोहोळचं कृषी विज्ञान केंद्र आणि शहरातल्या महाविद्यालयांचे वनस्पतिशास्त्र विभाग नमुना पाहून सांगू शकतात. त्याहून किचकट प्रकरण असेल तर पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे. तिथं वाळवलेल्या वनस्पतींचा मोठा संग्रह असून वनस्पती ओळखण्याचं काम चालतं. नमुना नेताना नुसतं फळ नेऊ नये. पानांसकट फांदीचा वीतभर तुकडा, जमलं तर फूल, बिया आणि कापलेल्या फळाचा फोटो, एवढं असावं. फोटोत शेजारी दहा रुपयांचं नाणं ठेवलं की आकाराचा अंदाज येतो. फांदी वर्तमानपत्रात दाबून वाळवावी आणि कागदावर गाव, तारीख आणि झाडाची उंची लिहावी.

मोबाइलवरची झाडं ओळखणारी ॲप पहिल्या अंदाजापुरती ठीक. कुळ ती बऱ्याचदा बरोबर सांगतात. पण कोवळं रामफळ आणि ॲटेमोया यांचा फक्त बाहेरचा फोटो दिला तर घोळ होतो, कारण फोटोला चव आणि वास कळत नाही.

बाकीचे पाहुणे

हीच रीत गाडीवरच्या इतर नवख्या फळांनाही लावता येते. ड्रॅगन फ्रूट घ्या. सांगोल्यासारख्या कोरड्या तालुक्यांतही आता सिमेंटच्या खांबांवर त्याच्या बागा दिसतात. गुजरात सरकारने २०२१ साली त्याला ‘कमलम’ असं नवं नाव दिलं. बाहेरून ते परग्रहावरचं वाटतं. पण त्याचं कुळ निवडुंगाचं. माळावरच्या फड्या निवडुंगाची लाल बोंडं ज्यांनी लहानपणी काटे झाडून खाल्ली, तोंड लालेलाल करून घेतलं, त्यांना ड्रॅगन फ्रूटचा गर आणि त्यातल्या बारीक काळ्या बिया पाहून चुलतभाऊ ओळखता येईल. कमी पाण्यात ते का येतं, याचंही उत्तर तिथंच मिळतं.

केसाळ लाल रामबुतान लिचीच्या कुळातलं, आणि गंमत म्हणजे आपला रिठाही त्याच कुळातला. जांभळ्या सालीचं मँगोस्टीन हे कोकमाचं सख्खं नातेवाईक. मँगोस्टीन उलटं करून तळाशी असलेल्या फुलाच्या खुणेच्या पाकळ्या मोजाव्यात. जितक्या पाकळ्या तितक्याच आत गराच्या फोडी निघतात. फळ न फोडता आतलं सांगता येईल, अशी खूण फार थोड्या फळांना असते.

औषध म्हणून विकलं जातं तेव्हा

लक्ष्मणफळाबद्दल एक गोष्ट मात्र गाडीवाला सहसा सांगत नाही. याच्या पानांचा काढा, पानांची पावडर, कॅप्सूल ‘कर्करोगावर रामबाण’ म्हणून विकल्या जातात, मोबाइलवरून संदेश फिरतात. खरं इतकंच, की प्रयोगशाळेत काचेच्या बशीत वाढवलेल्या कर्करोगाच्या पेशींवर या झाडातल्या काही द्रव्यांचा परिणाम दिसला आहे. माणसावर कर्करोग बरा झाल्याचा वैद्यकीय चाचणीतून मिळालेला पुरावा नाही. बशीतली पेशी मरणं आणि रुग्ण बरा होणं, यांत फार मोठं अंतर आहे.

उलट धोक्याचा पुरावा आहे. कॅरिबियन समुद्रातल्या ग्वादलूप या फ्रेंच बेटावर पार्किन्सनसारखा, पण नेहमीच्या औषधाला दाद न देणारा विकार विलक्षण प्रमाणात आढळला. तिथले डॉक्टर कारण शोधत गेले, तेव्हा या घराण्यातली फळं आणि त्यांच्या पानांचा चहा नित्य घेण्याशी संबंध जुळताना दिसला. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात ते प्रसिद्ध झालं. संशय ॲनोनासिन या द्रव्यावर आहे. पुढे उंदरांवरच्या प्रयोगांत त्याने मेंदूच्या पेशींना इजा केल्याचं दिसलं. हौसेने अधूनमधून खाल्लेली फोड वेगळी आणि रोज सकाळी ग्लासभर काढा वेगळा. पार्किन्सनच्या रुग्णाने तर या काढ्याच्या वाटेला जाऊच नये, आणि कर्करोगाच्या रुग्णाने यासाठी चालू उपचार थांबवू नयेत.

बियांबाबत तर सगळ्याच भावकीला एक नियम लावावा: त्या गिळायच्या नाहीत, चावायच्या नाहीत, वाटायच्या नाहीत. खेड्यांत सीताफळाच्या बियांची पूड उवांवर लावण्याची जुनी रीत आहे. ती पूड डोळ्यात गेली की बुबुळाला जबर इजा होते, असे रुग्ण भारतातल्या नेत्रतज्ज्ञांनी पुन्हापुन्हा नोंदवले आहेत. मुलांच्या डोक्याला ती लावू नये. डोळ्यात गेलीच तर भरपूर स्वच्छ पाण्याने धुऊन लगेच दवाखाना गाठावा.

सोलापुरात ज्यांना ही भावकी एकेक करून चाखायची आहे, त्यांनी दसऱ्यापासून बार्शीचं सीताफळ घ्यावं, महाशिवरात्रीनंतर रामफळाची वाट पाहावी, आणि काटेरी लक्ष्मणफळासाठी एखाद्या आडत्याकडे फोटोसकट मागणी नोंदवून ठेवावी. हाती येईल त्या प्रत्येक नव्या फळाची तारीख, गाव, पानाचा फोटो आणि चव वहीत टिपावी. ती वही वर्षभराने कृषी विज्ञान केंद्रात दाखवली, तर आपल्या भागात काय येतं, कधी येतं आणि कुठून येतं, हे तिथल्या तज्ज्ञांनाही उपयोगी पडेल.